मापाचं पोलकं

पोलकं अर्पिताच्या अंगात असं बसलं, की अनुपमाने दातांत धरलेल्या टाचण्या दातांतच राहिल्या. कुठे चिमटा घ्यायला नको, कुठे शिवण उसवायला नको. खांदा खांद्यावर, पट्टी बरोबर कंबरेला, आणि दंडावरचे फुगे तर कालच शिंप्याकडून आणल्यासारखे टवटवीत. डाळिंबी रंगाचं हे पोलकं दिवाळीपासून माडीवरच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक बाईने घालून पाहिलं होतं आणि प्रत्येकीचा दंड बाहीतच अडकला होता. शेजारच्या मयुरीने तर श्वास रोखून हुक लावायचा असा हट्ट धरला, की शेवटी तिला दोघींनी मिळून त्यातून सोडवावं लागलं. आणि ही अर्पिता, जी या खोलीला ‘जुनेरखाना’ म्हणायची, कॉलेजात पारंपरिक वेशाचा दिवस आहे म्हणून नाइलाजाने जिना चढून आली, हाताला लागलं ते पहिलंच पोलकं उचललं, आणि ते तिला झालं. ती आरशासमोर फिरली, वेणी वर धरून पाठ पाहिली, आणि मीठ कुठे ठेवलंय असं विचारावं तशा सुरात म्हणाली, “मावशी, इतक्या बायांचं इथं आहे. माझ्या आईचं एकबी नाही काऊन?”

तोंडात टाचण्या असलेल्या बाईकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही, हे एक बरं असतं. अनुपमाने त्या टाचण्यांचे मनोमन आभार मानले. पोरगीही थांबली नाही. “फोटो काढ ना,” म्हणाली. अनुपमाने फोन धरला, आणि पडद्यावर अर्पिताने हनुवटी जराशी डावीकडे कलती केली, खाली हॉलमध्ये हार घातलेल्या फोटोतली बाई करते अगदी तश्शी. ही कुणाकडून शिकली असेल? चार वर्षांची होती आई गेली तेव्हा. अर्पिता पोलकं बदलून खाली गेली, जिन्यावर तिच्या चपला वाजल्या, आणि अनुपमा एक एक टाचणी काढून उशीला टोचत बसली. प्रश्न काही वाकडा नव्हता. वाकड्या प्रश्नाला उत्तर देता येतं. हा सरळ होता, आणि दहा वर्षं पोरीची सावत्र आई म्हणून या घरात राहून तो तिच्या स्वतःच्या डोक्यात कसा आला नाही, याचीच तिला आता लाज वाटायला लागली.

खरं तर जुन्या कपड्यांचं वेड तिला लहानपणापासूनचं. सुलतानपूरला त्यांच्या घरी गोधडी असायची, आणि ती गोधडी म्हणजे सगळ्या आळीतल्या बायांच्या झंपरांचे तुकडे. दुपारी झोपायला टाकलं की ही पोर झोपायची कुठली, एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारायची, हा कोणाचा, हा कोणाचा. हा तुझ्या काकूचा, हा त्या नांदायला गेलेल्या पारूचा, हा कोणाचा कोण जाणे, झोप आता मुकाट्यानं. त्या ‘कोण जाणे’वर तिचं बोट अडून राहायचं. पुढे लग्न होऊन चिखलीला आली, पतपेढीत नोकरी लागली, आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवाल्या बायांकडून जुने झंपर सोडवून घेता घेता माडीवरची खोली भरली. लोक साड्या जमवतात. अनुपमाला साडीचं कवतिक नव्हतं. साडीचं काय, साडी कुणालाही होते. आज हिने नेसली, उद्या तिने. झंपर मात्र एकीचाच. त्यात तिचा खांदा असतो, तिची पाठ असते, बाळंतपणानंतर सरकवलेले हुक असतात, आणि कुणाचा उजवा हात जात्यावर जास्त चाललाय तेही कळतं. लोक साड्या जपून ठेवतात आणि झंपर फडक्याला घेतात, याचा तिला राग यायचा. दर रविवारी दुपारी तिची माडी उघडी असायची. बाया यायच्या, घालून पाहायच्या, एकमेकींचे फोटो काढायच्या, लग्नाकार्याला न्यायच्या आणि परत आणून देताना आपल्या आजीचं एखादं पोलकंही घेऊन यायच्या. हौसेला मोल नाही म्हणतात तशी गत. सासूबाई होत्या तोवर हसून म्हणायच्या, “आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून.” त्या सहज म्हणायच्या. अनुपमाही सहज हसायची.

झाकलेलं होतंच की. खालच्या खोलीत करड्या रंगाचं लोखंडी कपाट होतं. अर्पिताच्या आईचं. त्याची किल्ली हॉलमधल्या फोटोखाली खिळ्याला टांगलेली. लपवलेली नाही, कुलूपबंद पेटीत नाही, चांगली डोळ्यांसमोर. अनुपमा दर शुक्रवारी फोटोची काच पुसायची, तेव्हा फडक्याचा धक्का लागून किल्ली हलायची, जराशी वाजायची आणि थांबायची. उघडू नको असं तिला कुणीच कधी म्हणालं नव्हतं. कुणी म्हणालं असतं तर तिने भांडून उघडलं असतं, तिचा स्वभावच तसा. पण नवरा, कुलदीप, काही बोलला नाही, सासूबाई बोलल्या नाहीत, आणि न बोललेली गोष्ट ओलांडायची कशी हे तिला ठाऊक नव्हतं. घरात त्या बाईचं नावसुद्धा कुणी घेत नसे. कुलदीप ‘हिची आई’ म्हणायचा, सासूबाई ‘ती’ म्हणायच्या, आणि अनुपमा ‘अर्पिताची आई’. साऱ्या जिल्ह्यातल्या बायांचे झंपर वाकून पाहणारी ही बाई आपल्याच घरातल्या एका कपाटासमोरून मान खाली घालून जात होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

त्या दुपारी तिने डाळिंबी पोलकं घडी करून परत पेटीत ठेवलं, पण झाकण लावलं नाही. ही पेटी दिवाळीच्या आधी जनकाबाई भांडेवालीने आणून दिली होती. हिरवी पत्र्याची पेटी, तिच्यावर कधीकाळी काढलेला पोपट आता चोचीपुरताच उरलेला. आत दोन जातीचे कपडे होते. एक जात वापरलेली. ती बाई पेटीतल्या पेटीत वाढत गेलेली दिसायची: आधी काटकुळी, मग भरलेली, मग शिवणी सोडलेल्या, मग काखेत जोड दिलेला, मग म्हातारपणी पुन्हा उतरलेली. दुसरी जात कधीच न वापरलेली. ना घामाचा डाग, ना हुकाला ओढ. आणि गंमत अशी, की वापरलेल्या प्रत्येक झंपराला त्याच कापडाचा न वापरलेला जोडीदार होता. एकाच कापडातून दोन. मात्र हे न वापरलेले सगळेच्या सगळे एकाच मापाचे, सडपातळ पोरीच्या. खणाच्या पोलक्यापासून रुबियाच्या झंपरापर्यंत, टेरिलीनपासून नायलॉनच्या जाळीपर्यंत कापडं बदलत गेली, एक बाई तरुणाची म्हातारी झाली, आणि तिच्या शेजारी ही दुसरी कोण, जिचा खांदा बोटभरही वाढला नाही? शिवाय फॅशन तिची पुढची. थोरलीच्या बाह्या साध्या तर हिच्या फुग्यांच्या. थोरलीचा गळा बंद तर हिची पाठ उघडी, वर नाडी आणि नाडीला गोंडे. एक तर चक्क बिनबाह्यांचं, काळ्या पायपिंगचं. पेटी संग्रामपूर भागातली, एवढंच जनकाबाई बोलली होती. तिकडच्या खेड्यात, त्या काळात! अनुपमाला ती वेड लागल्यासारखी आवडायला लागली होती. पतपेढीत पासबुकं भरता भरता तिला ती दिसायची. कोण असेल? का मोठी होत नसेल?

रविवारच्या बायांनी आपापल्या परीने डोकं चालवलं. मयुरी म्हणाली, बिनलग्नाची राहिलेली मुलगी असेल. मग ती काय चाळीस वर्षं उपाशी राहिली, असं विचारून कुणीतरी ते उडवून लावलं. दुसरी म्हणाली, शिंप्याचे नमुने. शेवटी एकीने टाळी वाजवून सांगितलं, “अगं, महालक्ष्म्यांचे असतील! आमच्याकडंबी दरसाल नवीन शिवतात.” सगळ्यांना ते पटलं. गौरी काही वाढत नाहीत, गौरींना घाम येत नाही. चहा झाला, विषय मिटला. अनुपमाच्या मात्र ते गळी उतरलं नाही. महालक्ष्म्या दोन असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, मग पोलकं एकच का? आणि मूर्तीच्या ओतीव धडाला कुणी छातीच्या चिमट्या इतक्या मायेने घालतं होय? शिवाय त्या गठ्ठ्यात एक पोलकं वेगळं होतं. मापाने त्याच पोरीचं, पण वापरलेलं. हिरव्या खणाचं, सगळ्यांत जुनं, हातशिलाईचं, जोडीदार नसलेलं. त्याच्या काखेत घामाचा पिवळट चंद्र होता. अनुपमाचा नियम असा, की आलेलं कापड आधी धुवायचं. बाकीचं तिने रिठ्याच्या पाण्यातून काढलं, आणि या एकाला दोनदा धुऊन, लिंबू चोळून, सावलीत वाळवून तो डाग असा नाहीसा केला की तिचं तिलाच कौतुक वाटलं. धुण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटोही तिने मैत्रिणींना पाठवले होते.

आता अर्पिताच्या प्रश्नाने झालं असं, की घरातल्या कपाटाकडे पाहायची हिंमत नव्हती म्हणून अनुपमाचं सगळं कुतूहल या पेटीकडे धावलं. दुसऱ्या दिवशी पतपेढी सुटल्यावर तिने जनकाबाईला बाजारात गाठलं. जनकाबाई टोपल्यात स्टीलच्या डब्यांची उतरंड लावत होती. कोणाच्या घरची पेटी, हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं. भांडेवालीने घराचं नाव सांगायचं नसतं, लोकांना लाज वाटते, धंदा बसतो. पण या खेपेला तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि स्वतःच म्हणाली, “बाई, मीच येनार होती तुमच्याकडं. थे पेटी भलतीच अंगावर आली माह्या.”

“काऊन? काय झालं?”

“वरवट बकालची आहे थे. बुढी डोयाच्या आपरेशनले गेलती, अन् सुनेनं इकडं पेटी मले देऊन टाकली. आता बुढी रोज दारात बसून राह्यते. मी दिसली का इचारते, माही पेटी कोनं नेली. मले तर तिकडून फिराची चोरी झाली. सत्यभामाबाई नाव आहे तिचं. तुमीच पाहून घ्या काय थे.”

म्हणजे पेटी परत मागणारं कुणी आहे. जेवताना तिने कुलदीपला सांगितलं. कुलदीपचं ठिबकच्या पाइपांचं दुकान, त्याला सगळ्या गोष्टी जोडता नाहीतर तोडता येतात. “मंग दे पाठवून जीपवाल्यासोबत,” तो म्हणाला, “एका पेटीचं काय इतकं?” अर्पिताने ताटातून वर पाहिलं, अनुपमाने पाहिलं नाही. तिला ते एका पेटीपुरतं नव्हतं. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या मुलींसाठी ती या पोलक्यांची मांडणी करणार होती, दोघींची पोलकी शेजारी शेजारी टांगून. ते सगळं सोडून द्यायचं? आणि देऊन टाकलं तर ती कोण, हे कधीच कळणार नाही, ‘कोण जाणे’वर बोट तसंच राहणार. शेवटी ती सुट्टी टाकून निघाली खरी, पण पेटी घेऊन नाही. कापडी पिशवीत ते हिरवं पोलकं आणि वर दोन-चार, एवढंच घेतलं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी. आधी बघू तर, असं ती स्वतःला खामगावपर्यंत सांगत राहिली, आणि शेगावला एसटी सोडून जीपमध्ये बसली तेव्हा ते तिला स्वतःलाच पटेनासं झालं. कापसाने फुगलेल्या गाड्या समोरून येत होत्या, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लागले होते. ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती, जणू तीच कुणीतरी हिसकावून घेईल.

घर नवंच होतं, स्लॅबचं, पुढे चकचकीत फरशीची ओसरी. सत्यभामाबाई पायरीवर बसल्या होत्या, एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी. जनकाबाईचं नाव घेतल्याबरोबर त्या ताठ झाल्या.

“माही पेटी आनली?”

“पेटी घरी आहे, आजी. चांगली आहे. हे आणलं थोडं.” अनुपमाने पिशवी उघडली. आपला आवाज चोरट्यासारखा येतोय हे तिला ऐकू आलं.

म्हातारीने बाकीच्यांना हात लावला नाही. चाचपडत हिरवं पोलकं बरोबर शोधून काढलं, त्याची काख उलटी केली आणि नाकाला लावली. मग पुन्हा लावली. आतून सून चहा टाकल्याचं काहीतरी बोलत होती.

“धुतलं?”

“हो, आजी. डाग होता मोठा. लिंबानं काढला.”

“डाग नोता व बाई थो. घाम होता तिचा.” म्हातारीने पोलकं मांडीवर पसरलं. “तेवढीच होती ती आमच्या घरात.”

अनुपमाला वाटलं उठावं आणि चालू लागावं. तिला रडू आलं, आणि रडायचाही आपल्याला हक्क नाही असंही वाटलं. ज्या धुण्याचं तिने कौतुक करून घेतलं, फोटो दाखवले, ते धुणं तिला आता आठवत होतं: पितळी घमेलं, फेस, आणि आपण गुणगुणत होतो तेसुद्धा. धुतलेलं परत कसं आणायचं? त्याला काही उपाय नव्हता. सून चहा ठेवून गेली. सत्यभामाबाईंनी चहाची बशी तशीच राहू दिली, आणि विचारलं, “सोड्यात धुतलं का रिठ्यात?”

“रिठ्यात.”

“मंग बरं. रंग तरी राह्यला.” आणि गळ्यातला काळा दोरा ओढून त्यांनी पदराआडून एक चांदीचा टाक बाहेर काढला. नाक-डोळे झिजून गेलेली, बोटाच्या पेराएवढी बाई. “ही पाह्य. रुखमा. पहिली आमची. वरीसभर नांदली अन् गेली. मी तिच्या जागी आली, तं सासूनं हे गयात बांधलं. नवं कापड आलं का आधी तिले, मंग तुले. नाई तं ती त्रास देते म्हने.”

अनुपमाच्या मनात सगळी पोलकी एकदम जागच्या जागी बसली. न वाढणारी पोर. न आलेला घाम. ती वाढणार कशी? आणि त्याच क्षणी तिला आठवलं, की तिच्या स्वतःच्या लग्नात सासूबाईंनी असलंच काही काढलं होतं, चांदीची पुतळी घडवून घेऊ म्हणून, आणि कुलदीप म्हणाला होता, “आई, आता कोण करतं हे?” तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज तिला कळेना, की ती कशातून सुटली होती.

“पण आजी, नवं कापड नुसतं टाकाला दाखवलं तरी चालतं ना? तुम्ही तर शिवत होत्या.”

“तेच तं.” म्हातारीच्या चेहऱ्यावर आता जराशी लबाडी आली. “पहिले दोन वरीस भेवानं दाखोलं. मंग मले वाटलं, कापडाचं ती काय करनार? शिवून द्या लागते. हे तिचं एक पोलकं होतं घरात. याच्यावर माप घेतलं. अन् मंग व बाई, मले नादच लागला. सासू मले फुग्याच्या बाह्या घालू देत नोती. पाठ दिसली का शिव्या. पन तिले कोन बोलनार? मेलेल्या मानसाले कोनी बोलत नाई. मी खामगावच्या यात्रेत बाया पाह्यल्या का घरी येऊन तिचं शिवो. बिनबाह्यायचं शिवलं तवा तं आमचे भगवंतराव म्हने, रुखमी आता हातची गेली.” ती खुदकन हसली, पट्टीवर हात ठेवून. “यंदा ती काय घालन, याचाच इचार राहे मले. माह्या झंपराकडं कोन पाहते?”

“आणि भगवंतराव गेल्यावर?”

“ती काय त्यायच्यासंगं गेली? ती तं माह्याजवयच राह्यली.”

अनुपमाला एकदम धीर आला. तिने फोन काढला, डाळिंबी पोलक्यातला अर्पिताचा फोटो मोठा केला आणि म्हातारीच्या उघड्या डोळ्याजवळ धरला. आपण आणखी एक चूक करतोय की काय, ही धाकधूक होतीच, मेलेल्या बाईचं पोलकं जित्या पोरीच्या अंगात. सत्यभामाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग त्यांचं बोट काचेवर, त्या फुग्यांवर फिरायला लागलं, फोटो मागेपुढे सरकायला लागला, अनुपमाने तो पुन्हा जागेवर आणला.

“भरलं व माय,” म्हातारी म्हणाली. “साठ वर्सं रिकामंच पाह्यलं म्या हे. अशी दिसली असती ती. फुगे जरा मोठेच झाले, नाई?”

“नाही, आजी. छान बसलेत.”

“पोरगी कोनाची? तुही?”

“माझी. म्हणजे तिच्या आईची. मी दुसरी आहे, आजी.”

म्हातारीने फोन खाली केला आणि एका डोळ्याने अनुपमाकडे पाहिलं, इतका वेळ पाहिलं नव्हतं असं. “नाव काय तिचं?”

“अर्पिता.”

“पोरीचं नाई. तिच्या मायचं.”

अनुपमाने तोंड उघडलं. नाव तिला ठाऊक होतं, लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं, रेशनकार्डावरून तिच्यासमोर खोडलं गेलं होतं. ते तोंडातून बाहेर येईना. टाचण्या तर नव्हत्या तोंडात.

“बरं,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “तिले काय देतं तू?”

“फोटोला हार घालते. काच पुसते.”

“हार फोटोले झाला. तिले काय?”

निघताना अनुपमाने पेटी आणून देईन असं कबूल केलं, आणि या खेपेला मनापासून केलं. पण म्हातारीने दाराकडे, सुनेच्या चाहुलीकडे पाहत मान हलवली. पेटी तुह्याचकडं राहू दे म्हणाली. पोरी घालतात तर घालू दे, पेटीत कोंबून ठेवू नको, अन् फोटो दावत जाजो. हे मापाचं मात्र मी ठेवतो. तिने हिरवं पोलकं घडी केलं आणि वास गेला तरी पुन्हा एकदा नाकाला लावून पाहिलं. ते पाहणं अनुपमाला परतीच्या वाटेवर सोडीना. शेगावच्या स्टँडवर, खामगावला गाडी बदलताना, ते घमेलं आणि ती उलटी केलेली काख. आपण बाया जमवतो म्हणत होतो, आणि एक होती नव्हती ती धुऊन काढली. मग चिखली जवळ यायला लागली तसं मनात दुसरंच काही सुरू झालं. अर्पिताची आई लठ्ठ होती की बारीक? फोटो तर खांद्यापर्यंतच. उंच असेल का? तिच्याच मिक्सरवर आपण दहा वर्षं चटण्या वाटल्या, तिच्याच लेकीच्या वेण्या घातल्या, आणि तिचा हात केवढा होता हे आपल्याला माहीत नाही. कुठल्या गावच्या कोण बाईचा उजवा खांदा झुकता होता ते आपल्याला माहीत आहे. गळा कसला आवडायचा तिला? फुगे घातले असते तिने? आजवर त्या कपाटाचा विचार आला की आधी भीती यायची आणि पुढचं काही सुचायचं नाही. आज पहिल्यांदाच कुतूहल आधी आलं. गाडी स्टँडवर लागली तरी ती बसूनच होती, कंडक्टर म्हणाला, “ताई, चिखली आली, उतराचं नाई का?”

अर्पिता हॉलमध्ये पुस्तकं पसरून बसली होती. अनुपमाने चपलाही काढल्या नाहीत. सरळ फोटोपाशी गेली, खिळ्याची किल्ली काढली आणि तिच्यासमोर पुस्तकावर ठेवली.

“परवा तू विचारलं होतं ना. मला भ्या वाटत होतं, म्हणून तिचं एकबी नाही,” ती म्हणाली. “तू उघडते की मी उघडू?”

अर्पिताने किल्ली उचलली. मग म्हणाली, “दोघी जाऊ.”

कपाटाचं दार कुरकुरलं. डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि त्याच्या मागून आणखी एक वास आला, पावडरीचा, खोबरेल तेलाचा, कुणाचा तरी. अर्पिताने टांगलेल्या साड्यांत तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली, खांदे हलत होते. अनुपमाचे हात सवयीने पुढे झाले, कुठलं धुवायचं, कुठलं उन्हात टाकायचं ते वेगळं काढायला. तिने ते मागे घेतले.

“धुशील?” साड्यांच्या आतूनच अर्पिताने विचारलं.

“नाही. एकबी नाही.”

मग खालच्या कप्प्यातून तिने एक निळा झंपर उचलला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. बाजूच्या शिवणीजवळ सुईच्या भोकांच्या दोन ओळी होत्या, एक आत, एक बाहेर. एवढं वाचणं तिला येत होतं. “हे पाह्य,” ती म्हणाली, “इथं शिवण सोडली आणि मग परत घेतली. हे तू पोटात होती तेव्हाचं आहे. आणि उंच होती तुझी आई, माझ्याहून उंच. पाठीची लांबी आणि खांदा पाह्य तिचा.” अर्पिताने डोळे पुसत त्या भोकांवरून बोट फिरवलं, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, पुन्हा पहिल्यावर. आणखी सांग, म्हणाली. कुलदीप दुकानातून आला, दारात थांबला, उघड्या कपाटाकडे पाहिलं, आणि हात धुवायला म्हणून गेला तो बराच वेळ नळाशीच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघी बाजारात गेल्या. कापड अर्पिताने पसंत केलं, मोरपंखी, आणि अनुपमाने दुकानदाराला दोन झंपर होतील एवढं फाडायला सांगितलं. अर्जुनराव शिंप्यांनी एकाचं माप वहीतलंच धरलं, ते अनुपमाचं. दुसऱ्यासाठी हात पुढे केला. “मापाचं आणलं?”

अनुपमाने निळा झंपर पिशवीतून काढून दिला, घडी न मोडता. अर्जुनरावांनी फीत लावली, भुवया वर गेल्या. “वहिनी, हे काही तुमचं माप नाही.”

“नाही.”

“पोरीचंबी नाही. खांदा रुंद आहे.”

“नाही.”

“बाह्या कशा ठेवायच्या मग?”

अनुपमाने अर्पिताकडे पाहिलं. अर्पिताला तरी काय माहीत. तिने समोर टांगलेल्या नव्या झंपरांवरून नजर फिरवली, आणि फोटो काढताना केली होती तशी हनुवटी जराशी डावीकडे कलती केली. “फुग्याच्या,” ती म्हणाली. “मोठे फुगे.”

“नाव काय टाकू?” अर्जुनरावांनी कानावरचा खडू काढला.

“पुष्पांजली,” अनुपमा म्हणाली. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे नाव आपण आज पहिल्यांदा घेतलं. अर्पिताने तिचा दंड धरला. अर्जुनरावांनी ते कापडाच्या कोपऱ्यावर लिहिलं, ‘ष्प’ नीट उमटला नाही म्हणून पुन्हा गिरवला, आणि म्हणाले, “शुक्रवारी या.”